जुन्या कॅबिनेटला रेडिएटर बसवताना

संगणकाला ‘लिक्विड कूलर’ बसवला की आत गारवा निर्माण होतो, असा समज बराच पसरलेला आहे आणि कूलरच्या खोक्यांवरची निळसर बर्फाची चित्रे तो आणखी घट्ट करतात. प्रत्यक्षात या यंत्रणेत थंडी निर्माण करणारा एकही भाग नसतो. प्रोसेसरवर टेकणारा तांब्याचा ठोकळा, पंप, दोन नळ्या आणि पंखा लावलेला रेडिएटर हे सगळे मिळून उष्णता एका जागेवरून उचलतात आणि दुसऱ्या जागी सोडतात. माठातले पाणी खोलीपेक्षा गार होते, कारण त्याचा थोडा भाग वाफ होऊन उडून जातो. सीलबंद कूलरमधल्या पाण्याला ती वाट नसल्यामुळे, खोलीत ३५ अंश सेल्सिअस तापमान असेल तर ते पाणी ३५ अंशांच्या खाली कधीही उतरणार नाही.

मग पाणी कशासाठी? एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४१८० ज्यूल उष्णता लागते, तर एक लिटर हवेला अवघे १.२ ज्यूल पुरतात. समजा, प्रोसेसर १०० वॅट उष्णता सोडतो आहे आणि पंप मिनिटाला एक लिटर पाणी फिरवतो आहे. मिनिटाभरात त्या पाण्याला ६००० ज्यूल मिळतात आणि ते तापते जेमतेम दीड अंशाने. पंप दुप्पट जोरात फिरवला तरी या वाढीतला पाऊण अंशच वाचतो. हवेचा हिशेब मात्र कडक आहे: तीच उष्णता वाहून नेताना हवा दहा अंशांनी तापू दिली, तरी दर मिनिटाला सुमारे ५०० लिटर हवा रेडिएटरमधून जावी लागते.

त्यातही हवा उष्णता सहजासहजी स्वीकारत नाही. रेडिएटरच्या प्रत्येक धातूच्या पातीला हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो. त्याला सीमास्तर म्हणतात. तो ओलांडताना उष्णतेला वहनाचाच आधार घ्यावा लागतो आणि हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी आहे. म्हणून पातींची संख्या वाढवून पृष्ठफळ वाढवतात. पण पाती जितक्या दाट, तितकी त्यांच्यातून हवा ढकलणे अवघड होते. म्हणूनच या कामाला दाब निर्माण करू शकणारा पंखा लागतो. पंख्याच्या खोक्यावर छापलेला हवेचा प्रवाह मोकळ्या जागेत मोजलेला असतो, रेडिएटरसमोर तो बराच घटतो. नव्या रंगाचा द्रव किंवा चमकणारे दिवे या हिशेबात काहीही भर घालत नाहीत, जाहिराती काहीही म्हणोत.

जुने कॅबिनेट अडते ते इथेच. १९९५ साली आलेल्या एटीएक्स या (मदरबोर्ड आणि कॅबिनेटची मापे ठरवणाऱ्या) रचनेतल्या सुरुवातीच्या कॅबिनेटांत पॉवर सप्लाय वर, मागे ८० मिलिमीटरच्या पंख्याची जागा आणि पुढचा दर्शनी भाग जवळजवळ बंद असे. त्या काळी प्रोसेसर ३० वॅटच्या आसपास उष्णता सोडत. २०२२ साली आलेला इंटेलचा कोअर आय९-१३९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो. मागच्या ८० मिलिमीटरच्या भोकावर अडॅप्टर लावून १२० मिलिमीटरचा (म्हणजे तेवढा पंखा बसणारा) रेडिएटर जोडता येतो खरा, पण त्या भोकाचे क्षेत्रफळ १२० मिलिमीटरच्या वर्तुळाच्या निम्म्याहूनही कमी भरते. पत्रा कापणे हाच त्यावर खरा उपाय आहे.

माझ्या मते अधिक चांगली जागा म्हणजे पुढचे सीडी ड्राइव्हचे कप्पे. प्रत्येक कप्पा १४६ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ४१ मिलिमीटर उंच असतो. रेडिएटर १२० मिलिमीटरचा म्हटला, तरी टोकांच्या टाक्यांसह त्याची लांबी १५५ मिलिमीटरच्या आसपास जाते. त्यामुळे तो आडवा बसत नाही. चार कप्प्यांच्या १६५ मिलिमीटर उंचीत उभा मात्र बसतो. त्यासाठी कप्प्यांमधले पत्र्याचे आधार काढावे लागतात, झाकणांच्या जागी जाळी लावावी लागते आणि नळ्या मदरबोर्डपर्यंत पोहोचतात का, हे खरेदीपूर्वीच मोजावे लागते. रेडिएटर आणि पंखा मिळून जाडी साधारण ५२ मिलिमीटर होते.

या जागेचा मोठा फायदा म्हणजे रेडिएटरला खोलीतली ताजी हवा मिळते. ग्राफिक्स कार्ड २०० वॅट सोडत असेल आणि कॅबिनेटमधून सेकंदाला २० लिटर हवा वाहत असेल, तर ती हवा सुमारे आठ अंशांनी तापते. मागच्या बाजूला बसवलेल्या रेडिएटरच्या वाट्याला हीच हवा येते आणि त्यातले पाणीही तितकेच जास्त तापते. उलट, पुढून आत येणारी प्रोसेसरची उष्णता ग्राफिक्स कार्डाला थोडी सोसावी लागते, म्हणून मागचा पंखा बाहेर हवा फेकणाराच असावा. दुसरा फायदा दीर्घकाळाचा आहे. नळ्यांच्या भिंतींतून वर्षानुवर्षे किंचित पाणी निसटत राहते, त्याची जागा हवा घेते आणि बुडबुडा सर्वांत उंच ठिकाणी जमतो. ते ठिकाण पंप असता कामा नये. कप्पे वरच्या भागात असल्याने ही अट सहसा आपोआप पाळली जाते.

पत्रा कापण्यापूर्वी मदरबोर्ड बाहेर काढावा, कारण लोखंडाचा बारीक कीस शॉर्टसर्किट घडवू शकतो. स्क्रूची लांबी मोजूनच घ्यावी. लांब स्क्रू पातींमागची पाण्याची वाहिनी फोडतो. जोडणी झाल्यावर पहिल्या काही मिनिटांच्या आकड्यांवर विसंबू नये, कारण पाणी हळूहळू तापत जाते. अर्धा तास पूर्ण जोरात काम चालवून प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करावे आणि जुन्या कूलरशी तुलना त्याच फरकाची करावी.