मृत्युच्छायेची दरी : एका शब्दाची पार्श्वभूमी

मराठी ख्रिस्ती घरात मयत झाली की पाळक पोहोचायच्या आधी बायबलमधले तेविसावे स्तोत्र पोहोचलेले असते. शेजारचे कोणी वडीलधारे बायबल न उघडताच ते म्हणायला लागतात, आणि चौथ्या वचनाशी आले की खोलीतले सगळे ओठ हलू लागतात. "मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस." माझ्या पाहण्यात हे स्तोत्र आता जवळजवळ मयतीचेच झाले आहे. नोकरी गेली, पाऊस लांबला, मुलगा दारूला लागला, अशा वेळी ते कोणी काढत नाही.

गेल्या काही वर्षांत मंडळ्यांमध्ये, आणि त्याहून जास्त मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांमध्ये, एक शिकवण जोर धरते आहे. विश्वास पुरेसा असेल तर संकट जवळ येत नाही, आले तर लगेच निघून जाते, आणि नाही गेले तर तुमच्या विश्वासात कुठेतरी उणीव आहे, असे ती सांगते. किमोथेरपी चालू असलेल्या बाईला तिच्याच खाटेजवळ उभे राहून हे ऐकवले गेलेले मी पाहिले आहे. म्हणून संकटात देव बरोबर असतो म्हणजे नेमके काय, हा वाद आज घराघरात आहे. तो वाद ज्या वचनावर उभा आहे, त्यातला एक शब्द मुळातच गुंत्याचा आहे.

तो शब्द म्हणजे "मृत्युच्छाया". हिब्रूत तो "त्सलमावेत" असा वाचला जातो. "त्सेल" म्हणजे सावली आणि "मावेत" म्हणजे मरण, अशी फोड केली की मृत्युच्छाया तयार होते. पण जुन्या हिब्रू लेखनात फक्त व्यंजने लिहीत. स्वरांच्या खुणा शास्त्र्यांनी कित्येक शतकांनंतर, ख्रिस्ती शकात घातल्या. स्वर बदलून तीच व्यंजने वाचली तर शब्द "त्सलमूत" असा होतो, आणि त्याचा अर्थ दाट, काळाकुट्ट अंधार. मग त्यात मरण राहत नाही. शेजारच्या भाषांत याला आधार आहे. अक्कडी भाषेत याच कुळातला धातू काळे होणे या अर्थाचा आहे, आणि अरबीत अंधारासाठी जो शब्द आहे त्याची मुळाक्षरे आपल्या "जुलूम" या शब्दाचीच आहेत. अनेक अभ्यासक आज "अंधार" हाच मूळ अर्थ धरतात. मरणाची सावली ही जुनी फोडच बरोबर, असे सांगणारेही आहेत आणि त्यांची बाजू पोकळ नाही. हिब्रूत असे जोडशब्द विरळ असले तरी अशक्य नाहीत.

मला निर्णायक वाटतात त्या या शब्दाच्या इतर जागा. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या हिब्रू भागात, तो अठरा वेळा येतो, त्यातल्या दहा एकट्या ईयोबात. ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तो खाणीतल्या अंधारासाठी आहे, जिथे माणूस दिवा घेऊन धोंड्यांत धातू शोधतो. आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव याच "त्सलमावेत"ची पहाट करतो. पहाट अंधाराची होते. आणि यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द मिसर (इजिप्त) सोडल्यानंतरच्या रानासाठी आहे: खाचखळग्यांचा, कोरडा, कोणी राहत नाही असा प्रदेश. अवर्षण आणि त्सलमावेत तिथे एकाच दमात येतात. हे वाचताना मला पारनेर-जामखेडकडचा मे महिना दिसतो.

मग मराठीत मृत्यू आला कुठून? इसवी सनापूर्वीच्या शतकांत यहुदी शास्त्रवेत्त्यांनी ग्रीक भाषांतर केले, तेव्हाच त्यांनी "मरणाची सावली" असा अर्थ घेतला. लॅटिनने तो उचलला, सतराव्या शतकातल्या इंग्रजीने तो घराघरात नेला. मत्तयाने चौथ्या अध्यायात यशयाचे वचन दिले तेही ग्रीकमधूनच, आणि तिथे मरण स्पष्ट आहे. मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1811 मध्ये निघाला, मुंबईत तयार झालेला 1826 मध्ये. (श्रीरामपूर म्हटले की नगर जिल्ह्यातले आठवते, ते हे नव्हे.) स्तोत्रे पुढे मराठीत बसवताना नव्या करारातला शब्द जुन्या करारातही जुळवून घेणे साहजिक होते. भाषांतरकारांनी चूक केली असे मी म्हणणार नाही. पण "मृत्युच्छाया" हा संस्कृत वळणाचा भारदस्त शब्द एकदा तिथे बसला, आणि दरी स्मशानाच्या वाटेवर गेली. ज्याच्या घरात कोणी मेलेले नाही, फक्त विहीर आटली आहे, त्याला ती आपली वाटेना.

याच वचनातला दुसरा गुंता लहान आहे, पण रोजचा. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." शहरात वाढलेल्या मुलांना आकडी म्हणजे फेफरे एवढेच माहीत असते. झटका धीर कसा देतो, असे संडेस्कूलमध्ये एका मुलीने मला विचारले होते, आणि तिचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडे धनगराच्या खांद्यावर लांब बांबू असतो, टोकाला विळ्यासारखे वाकडे पाते बांधलेले. तीच आकडी. उन्हाळ्यात जमिनीवर गवताचे पाते नसते तेव्हा तो बाभळीखाली उभा राहतो, पाते फांदीला अडकवून ओढतो, आणि शेंगा मेंढरांपुढे पडतात. मेंढरांना तो बांबू ओळखू येतो. तो उचलला गेला की ती धावत येतात. हिब्रूतला पहिला शब्द सोट्याचा आहे आणि दुसरा टेकण्याच्या काठीचा, त्यामुळे आकडी शब्दशः जुळत नाही. तरी दुष्काळी मुलखातल्या माणसाला हे वचन त्या शब्दामुळे जितके कळते तितके कुठल्याच टीपेने कळणार नाही.

व्याकरणातही एक गोष्ट घडते. पहिली तीन वचने "तो" म्हणतात: तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. दरी आली की "तो" जातो आणि "तू" येतो. कुरणात देवाविषयी बोलणारा माणूस अंधारात देवाशी बोलू लागतो. मराठीत हा बदल फार खोल उतरतो, कारण आपण वडिलांना, पाळकांना "तुम्ही" म्हणतो आणि देवाला "तू". ही सवय वारकरी अभंगांतही आहे. देव हा वाटेत हात धरून चालणारा सांगाती, ही कल्पना मिशनच्या शाळा येण्याच्या दोनशे वर्षे आधीपासून या मातीत होती. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नगरला आलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले. त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, त्या वेळी ते पाऊल टाकले नाही. पुढची वर्षे त्यांनी ज्या ओढाताणीत काढली ती वाचणाऱ्याला दरी म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही.

संकटात देव बरोबर असतो या विश्वासाचे मूळ अर्थातच फार जुने आहे. इसवी सनापूर्वी 587 च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळले, माणसे बंदिवान करून बाबेलला (बॅबिलोनला) नेली गेली. देव मंदिरात राहतो असे मानणाऱ्यांचे मंदिरच गेले. त्या आधीच यहेज्केलाने खबार नदीकाठी, परमुलखात, देवाचे तेज पाहिले होते. देव इमारत सोडून बंदिवानांकडे आला, ही ती घडामोड. तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, हे यशयाचे वचन त्याच काळजीला उत्तर देते, आणि तिथेही पाणी टळत नाही. "इम्मानुएल", म्हणजे आमच्याबरोबर देव, या नावाने मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते आणि मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे या वचनाने संपते.

महाराष्ट्रात या विश्वासाची खरी कसोटी 1896 ते 1900 या वर्षांत लागली. एका बाजूने दुष्काळ, दुसऱ्या बाजूने प्लेग. 1896 च्या पावसाळ्याअखेर मुंबईत ताप दिसला, पुढच्या वर्षी पुणे हादरले. घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर ख्रिस्ती आणि बिनख्रिस्ती एकाच रांगेत बसले. आज ज्या जाहीर उपासनेला आपण उपासना म्हणतो, तिला तेव्हा छप्परही नव्हते.

त्याच काळात पुण्याजवळ केडगावला, एका विधवा पंडितेने, पंडिता रमाबाईंनी, मध्य प्रांतातल्या दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुलींसाठी घर उभे केले. 1900 च्या दुष्काळात आणखी मुली आल्या. विहिरी खणाव्या लागल्या, धान्य रोज जमवावे लागले. तिच्या विश्वासाबद्दल बोलताना आपण 1905 च्या केडगावमधल्या धार्मिक जागृतीवर, रात्रभर चाललेल्या प्रार्थनांवर थांबतो. मला त्याहून मोठे वाटते ते तिचे शेवटचे काम. हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायांना कळेल अशा मराठीत तिने सगळे बायबल उतरवले, आणि केडगावच्याच मुलींनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले. 1921 च्या उन्हाळ्यानंतर तिची एकुलती एक मुलगी गेली. काम थांबले नाही. एप्रिल 1922 मध्ये ती स्वतः गेली, आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. मुलगी वाचली नाही म्हणून तिचा विश्वास उणा होता, असे मोबाइलवरच्या त्या शिकवणीप्रमाणे म्हणावे लागेल. मी ते म्हणू शकत नाही.

दुष्काळातल्या बाप्तिस्म्यांवरून "पोटासाठी बाटले" हा शब्द तेव्हापासून आपल्यामागे लागला. भाकरी देणाऱ्यावर ठेवलेला विश्वास देवावरचा कसा, हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारला तसा मिशनच्या आतल्यांनीही विचारला. तेलुगू मुलखात ओंगोलला 1876-78 च्या दुष्काळात मदत चालू असेतो बाप्तिस्मे थांबवले गेले, आणि 3 जुलै 1878 ला एका दिवसात 2222 जणांना दिले गेले. थांबवणे योग्य होते का? माझ्या मते भुकेल्या माणसाची देवाची हाक खोटी ठरवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. नगर-जालन्याकडच्या आपल्यापैकी अनेकांच्या पणज्यांची विश्वासाची सुरुवात अशाच एका ओंजळभर ज्वारीपाशी झाली.

1918 चा इन्फ्लुएंझा आणि 1972 च्या दुष्काळात वाटलेली सुकडी यांच्याबद्दल घरोघरी आठवणी आहेत, त्या इथे मांडत नाही.

अलीकडचा काळ मात्र सांगायलाच हवा. 30 मार्च 2020 ला मुंबईत कोविडने गेलेल्या सर्वांचे धर्म न बघता दहनच करावे असा आदेश निघाला आणि त्याच दिवशी मागे घेतला गेला. त्या काही तासांत माती देण्याची, म्हणजे पुरण्याची, परंपरा असलेल्या घरांवर काय गुदरले ते ज्यांनी फोन घेतले त्यांना विचारावे. त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा दिवस (ईस्टर) लोकांनी स्वयंपाकघरात काढला. चर्च 16 नोव्हेंबरला उघडली. पुढच्या वर्षी 4 एप्रिलला पुनरुत्थानाचा सण झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा बंद झाली, ती थेट 7 ऑक्टोबर 2021 पर्यंत. देव इमारतीत नाही हे आपण शतकानुशतके शिकवत आलो, पण कुलूप बघून पोटात खड्डा पडायचा तो पडलाच.

मे 2021 मधली एक माती माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. खड्ड्याशी चौघे, निळ्या प्लास्टिकच्या पोशाखात, नावे पाठीवर मार्करने लिहिलेली. पाळक स्वतः तापाने घरी. त्यांचा आवाज फोनच्या स्पीकरवरून येत होता आणि फोन मृताच्या धाकट्या मुलाने हातमोज्यांत उंच धरला होता. पाळकांनी तेविसावे स्तोत्र लगेच घेतले नाही. आधी बाविसावे घेतले: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" वधस्तंभावरून आलेले तेच शब्द. ते पूर्ण वाचले, एकतीस वचने, उन्हात. मग पान न उलटता तेविसावे. ही दोन स्तोत्रे शेजारी आहेत हे मला वर्षानुवर्षे माहीत होते, पण ती अशी सलग त्याआधी मी कधी ऐकली नव्हती.

सोप्या मराठीतल्या एका अलीकडच्या भाषांतराने चौथ्या वचनात थडगे आणि अंधार दोन्ही ठेवले आहेत. आमच्या पाळकांनी गेल्या दोन वर्षांत हे स्तोत्र मयतीबाहेर काढायला सुरुवात केली. डायलिसिसला जाणाऱ्याच्या घरी, कर्जाची नोटीस आलेल्याच्या ओट्यावर, दहावीत नापास झालेल्या पोराजवळ बसून ते वाचतात. वाचताना "मृत्युच्छायेच्या" हा शब्द तसाच ठेवतात, आणि त्यापाशी थांबून घरातल्या माणसाला विचारतात, तुमच्याकडे सध्या अंधार कुठल्या बाजूने आहे? उत्तर मिळेपर्यंत पुढचे वचन वाचत नाहीत.