व्हिक्टोरिया: राणीच्या आधीचं आणि राणीच्या पलीकडचं नाव

मराठीत 'व्हिक्टोरिया' म्हटलं की राणीछाप रुपया आठवतो, मुंबईचं व्ही.टी. आठवतं, घोड्यांची गाडी आणि राणीची बाग आठवते. सगळं एकाच बाईचं. त्यामुळे हे नाव मुळात इंग्लंडच्या राणीचंच, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. पण तिला ते मिळालं तेव्हा नाव दोन हजार वर्षांहून जुनं होतं, आणि इंग्लंडमध्ये ते चक्क परकं मानलं जात होतं.

आधी शब्द पाहू. लॅटिनमध्ये 'विंकेरे' म्हणजे जिंकणं. मूळ धातू 'विक्'. वर्तमानकाळात त्याच्या पोटात न् शिरतो, संस्कृतात 'युज्' चं 'युनक्ति' होतं तसाच. भूतकाळी रूपात हा न् गळतो आणि 'विक्तुस' उरतं. त्यावरून 'विक्तोर' म्हणजे जिंकणारा, 'विक्त्रिक्स' म्हणजे जिंकणारी आणि 'विक्तोरिया' म्हणजे विजय. नावांच्या यादीत हमखास लिहिलेलं असतं की व्हिक्टोरिया हे व्हिक्टरचं स्त्रीलिंग. ते बरोबर नाही. अर्थाने ते स्त्रीलिंग 'विक्त्रिक्स'. 'विक्तोरिया' हे भाववाचक नाम आहे आणि लॅटिनमध्ये अशी '-इया' शेवटाची नामं स्त्रीलिंगी असतात. आपल्याकडे कीर्ती, शांती, प्रगती ही भाववाचक नामं जशीच्या तशी मुलींची नावं झाली, तोच हा प्रकार.

आणखी एक घोटाळा 'विजया'मुळे होतो. दोन्हींचा अर्थ एक, दोन्हींची सुरुवात 'वि'ने, म्हणून शब्दही सख्खे असावेत असं वाटतं. पण 'विजय' मध्ये 'वि' हा उपसर्ग आहे आणि धातू 'जि'. लॅटिन शब्दात 'वि' हा धातूचाच तुकडा आहे. साम्य योगायोगाचं आहे. उच्चाराची गंमत मात्र खरी: अभिजात लॅटिनमधला पहिला वर्ण इंग्रजी 'व्ही'सारखा नव्हता, ओठ गोल करून म्हटलेला 'व' होता, आणि 'त' दंत्य होता. म्हणजे 'व्हिक्टोरिया' या रूढ मराठी रूपापेक्षा 'विक्तोरिया' हेच मूळ उच्चाराच्या जवळचं.

रोममध्ये विक्तोरिया ही आधी देवता होती, पंख असलेली, हातात विजयमाळ घेतलेली. ग्रीकांच्या नीकीशी रोमनांनी तिची सांगड घातली. पॅलाटाइन टेकडीवरचं तिचं देऊळ इसवी सनपूर्व २९४ मध्ये लुकियस पोस्तुमियस मेगेल्लुस या कॉन्सुलने, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने, अर्पण केलं. त्याच शतकाच्या अखेरीस 'विक्तोरियातुस' नावाचं चांदीचं नाणंच निघालं. त्यावर ती शस्त्रांच्या विजयस्तंभाला मुकुट घालताना दिसते. इसवी सनपूर्व २९ मध्ये ऑक्टेव्हियनने सिनेटच्या सभागृहात तिची मूर्ती आणि वेदी बसवली. सभा भरण्याआधी सभासद तिथे धूप आणि मद्य वाहत. साम्राज्य ख्रिस्ती होत गेलं तशी ही वेदी वादात सापडली. ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियनने ती काढायला लावली, ३८४ मध्ये रोमचा नगरप्रमुख सिम्माखुस याने ती परत बसवावी म्हणून अर्ज लिहिला, आणि मिलानचे बिशप अँब्रोज यांनी तो हाणून पाडला.

देवता गेली, पण बायकांचं नाव उरलं, आणि ते टिकवलं ख्रिस्ती लोकांनीच. श्रद्धेसाठी मरण पत्करणं हाच त्यांच्या लेखी विजय होता, त्यामुळे या शब्दात त्यांना अडचण वाटली नाही. उत्तर आफ्रिकेतल्या आबितिना गावच्या ४९ ख्रिस्ती लोकांना ३०४ मध्ये कार्थेजला खटल्यासाठी उभं केलं गेलं. त्यांत एक विक्तोरिया होती. लग्न टाळण्यासाठी तिने खिडकीतून उडी मारून घर सोडलं होतं, असं त्या खटल्याच्या कथनात येतं. तिला सोडवायला भाऊ आला आणि ही वेडी आहे असं सांगू लागला, तेव्हा तिने ते नाकारलं. दुसरी विक्तोरिया इटलीतली. रावेन्नाच्या सांत आपोल्लिनारे नुओव्हो चर्चच्या भिंतीवर सहाव्या शतकातलं मोझेक आहे: २२ कुमारिका एका ओळीत चालल्या आहेत, हातात मुकुट, मध्ये मध्ये खजुराची झाडं, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव. त्या ओळीत अनातोलियाच्या शेजारी विक्तोरिया आहे.

तिथून नावाला दोन वाटा फुटल्या. एक मेरीमातेची. 'विजयाची माता' हे मेरीचं रूप स्पेनमध्ये प्रिय होतं. मॅगेलनच्या ताफ्यातलं पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून १५२२ मध्ये १८ माणसांनिशी परतलेलं एकमेव जहाज 'व्हिक्टोरिया' होतं, आणि ते नाव सेव्हिलच्या त्रियाना भागातल्या याच मातेच्या चर्चवरून आलं. ७ ऑक्टोबर १५७१ ला लेपांतोच्या आरमारी लढाईत ऑटोमनांचा पराभव झाल्यावर पोप पायस पाचवे यांनी त्या दिवशी विजयमातेचा सण ठरवला. १५७३ मध्ये त्यांच्या नंतरच्या पोपनी त्याचं नाव रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा, सण केलं. स्पॅनिश घरांत व्हिक्टोरिया आणि रोसारियो ही दोन्ही मुलींची नावं या भक्तीशी जोडलेली आहेत. त्यांचा लंडनच्या राजवाड्याशी काही संबंध नाही.

दुसरी वाट दरबारांची. इटालियनमध्ये 'क्त' चा 'त्त' झाला आणि व्हित्तोरिया बनली; कवयित्री व्हित्तोरिया कोलोन्ना (मृत्यू १५४७), मायकेलँजेलोची मैत्रीण, ही तिची सर्वांत थोर धारक, असं माझं मत. पोर्तुगीजमध्ये 'क' पुरता गळून व्हितोरिया झाली. फ्रेंचमध्ये व्हिक्त्वार, पंधराव्या लुईच्या एका मुलीचं हेच नाव होतं. जर्मन संस्थानांत तेव्हा फ्रेंच नावांची चाल होती. त्यामुळे १७८६ मध्ये कोबुर्गच्या राजघराण्यात जन्मलेल्या मुलीचं नाव ठेवलं गेलं मारी लुईझ व्हिक्त्वार. पुढे तिने ड्यूक ऑफ केंटशी लग्न केलं, आणि तिच्यामुळे हे नाव इंग्लंडच्या राजघराण्यात शिरलं.

तिच्या मुलीचा, म्हणजे पुढे राणी झालेल्या व्हिक्टोरियाचा, बाप्तिस्मा २४ जून १८१९ ला केन्सिंग्टन राजवाड्यात झाला. बाळ एक महिन्याचं. आईबापांनी पाच नावं योजली होती: जॉर्जियाना, शार्लट, ऑगस्टा, अलेक्झांड्रिना, व्हिक्टोरिया. पण बाळाचा काका जॉर्ज, जो प्रिन्स रीजंट म्हणून राजाच्या वतीने कारभार पाहत होता, धाकट्या भावावर, म्हणजे बाळाच्या बापावर, नाराज होता. रशियाचा झार अलेक्झांडर धर्मपिता, म्हणून अलेक्झांड्रिना हवंच. आणि आपल्या नावावरून केलेलं जॉर्जियाना झारच्या नावाशेजारी लावायला रीजंट तयार नव्हता. शार्लट ही त्याची दीड वर्षापूर्वी बाळंतपणात वारलेली एकुलती मुलगी. त्या नावालाही नकार. ऑगस्टालाही नकार. कँटरबरीचे आर्चबिशप बाळ हातात धरून, काय नाव ठेवायचं म्हणून ताटकळत उभे. शेवटी रीजंट म्हणाला की आईचं नाव द्या, पण ते झारच्या नावाच्या मागून येऊ दे. अशी ती अलेक्झांड्रिना व्हिक्टोरिया झाली, आणि घरात 'ड्रिना'. पुढे १८३१ मध्ये, ती वारस ठरल्यावर, हे नाव इंग्रजी वाटत नाही, बदलून शार्लट किंवा एलिझाबेथ करावं, अशाही सूचना झाल्या. २० जून १८३७ ला ती गादीवर आली तेव्हा पहिल्या दिवसाच्या कागदांवर अलेक्झांड्रिना व्हिक्टोरिया होतं. तिच्या इच्छेने पहिलं नाव गळलं ते कायमचं.

आपल्याकडे हे नाव लोकांच्या हातात आलं ते रुपयावरून. १८४० च्या कंपनी रुपयावर रोमन अक्षरांत 'व्हिक्टोरिया क्वीन', १८७७ पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. जुनं नाणं हाती आलं तर सालावर विसंबू नये: १८६२ हे साल पुढे दहाहून अधिक वर्षं साच्यावर तसंच ठेवलं होतं. रोमन अक्षरं वाचता न येणाऱ्यांनी मुखवटा पाहून त्याला 'राणीछाप' म्हटलं. नाव बाजूला, राणी कायम. मुंबईतही तेच झालं. १८६२ मध्ये उघडलेलं व्हिक्टोरिया गार्डन लोकांच्या तोंडी 'राणीची बाग' झालं. १९६९ मध्ये त्याला वीरमाता जिजाबाईंचं नाव दिल्यावरही तोंडची राणी हलली नाही, आणि आता तो शब्द जिजाबाईंनाही शोभतो. १८८७ च्या ज्युबिलीत नाव मिळालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई झाली. आद्याक्षरं तीच राहिल्यामुळे 'व्हीजेटीआय' म्हणणाऱ्यांना काहीच बदलावं लागलं नाही. स्टेशनचं नाव १९९६ मध्ये बदललं.

गाडीचं नाव तर सामान्यनाम झालं. टांगा दोन चाकांचा. व्हिक्टोरिया चार चाकांची, बसकी, उघडी, मागे दुमडणारं टप, दोघांची बैठक पुढे तोंड करून आणि हाकणाऱ्याची जागा उंचावर. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरींसाठी त्या चालवणं बेकायदा ठरवलं. या नावाची दुसरी बाजूही विसरू नये. मुंबईतल्या राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी १८९६ मध्ये डांबर फासलं होतं, आणि २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली ती याच राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभानंतर.

आपल्या वंशातल्या मुलींच्या नावांत व्हिक्टोरिया असावं, असा राणीचा आग्रह होता. परिणामी युरोपभर इतक्या व्हिक्टोरिया झाल्या की घरात विकी, टोरिया, एना अशी टोपणनावं वापरल्याशिवाय भागेना. यातली एना, म्हणजे व्हिक्टोरिया युजिनी, १९०६ मध्ये स्पेनची राणी झाली. तिच्या रूपाने दरबारी वाट पुन्हा मेरीमातेच्या वाटेला येऊन मिळाली. स्वीडनची आजची व्हिक्टोरिया १९७७ ची. धाकटा भाऊ जन्मताच युवराज ठरला होता. १ जानेवारी १९८० ला कायदा बदलला आणि थोरली म्हणून हक्क तिच्याकडे आला.

आपल्याला सर्वांत जवळची मात्र स्पॅनिश वाटेवरची आहे. व्हिक्टोरिया ओकाम्पो, जन्म १८९० ब्युनोस आयर्सचा, पुढे १९३१ मध्ये 'सुर' हे नियतकालिक काढणारी लेखिका. १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये पेरूकडे निघालेले रवींद्रनाथ टागोर वाटेत आजारी पडले, तेव्हा तिने त्यांना सान इसिद्रोला नदीकाठच्या घरात उतरवून घेतलं आणि आठवडेच्या आठवडे त्यांची काळजी घेतली. टागोरांनी तिचं नाव अर्थाने उचललं. १९२५ मध्ये निघालेला 'पूरबी' हा संग्रह त्यांनी तिला अर्पण केला, तो 'विजयाच्या करकमली'.