मासा, माशी आणि तांब्याची तार

सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचे थेंब सांडल्यासारखी ठिपकेदार पिसं असतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ती बोटीने इंग्लंडला जायची आणि सॅल्मन माशांसाठीच्या गळावर बांधली जायची. जोडीला मोर, फेझंट, टूकन यांचीही पिसं. असा गळ पाहिला की मला हमखास नथ आठवते. एवढा साज माशासाठी किती आणि गळ विकत घेणाऱ्या साहेबासाठी किती, हा मात्र प्रश्नच आहे.

त्याचं सगळ्यात चोख उत्तर एका नदीच्या राखणदाराने दिलं. कोकणातला राखणदार नव्हे, पगारी माणूस. फ्रँक सॉयर दक्षिण इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात एव्हन नदीचा एक पट्टा सांभाळायचा. शेवाळ कापायचं, गाळ काढायचा, ट्राउट माशांवर लक्ष ठेवायचं. नदी चुनखडीच्या टेकड्यांतून येणारी, त्यामुळे पाणी नितळ. काठावर पोटावर पडून राहिलं की तळाशी कोण काय खातंय ते दिसायचं.

आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, नाहीतर कणकेची गोळी. फ्लाय फिशिंगमध्ये खाण्याजोगं काहीच नसतं. पीस, लोकर, दोरा गळावर गुंडाळून किड्याचा नुसता भास उभा करायचा. त्याला म्हणायचं फ्लाय. ती इतकी हलकी असते की फेकता येत नाही, म्हणून वजन दोरीत ठेवतात. आसूड फिरवावा तशी काठीने दोरी हवेत सोडायची, तिच्या शेपटाला फ्लाय आपसूक जाते.

ट्राउटच्या ताटात मेफ्लाय या कीटकाला मोठा मान. पंख फुटलेली मेफ्लाय एखादा दिवस, फार तर काही दिवस जगते. तिचं तोंडही कामाचं नसतं, कारण तिला खायचंच नसतं. पण त्याआधी कित्येक महिने ती पाण्याखाली पिल्लाच्या रूपात काढते. त्या अवस्थेला निम्फ म्हणतात. ट्राउट पृष्ठभागावरची माशी टिपतो तेव्हा पाणी डचमळतं आणि सगळ्यांचं लक्ष जातं. त्याचं बरंचसं जेवण मात्र खालीच, गाजावाजा न करता चालू असतं.

तरीही कित्येक इंग्रज शौकिनांना पाण्यावर तरंगणारी फ्लायच तेवढी सभ्य वाटायची. स्क्यूज नावाच्या वकिलाने निम्फची बाजू घेतली आणि १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर वादविवाद झाला. माशाचं मत अर्थातच कुणी विचारलं नाही.

सॉयरने ते विचारलं असं म्हणता येईल. त्याच्या लक्षात आलं की झपकन पोहणारे निम्फ पाय अंगाशी घट्ट चिकटवून घेतात. मग फ्लायला पाय कशाला? जुन्या फ्लायना पायांसाठी कोंबड्याचं पीस गोल गुंडाळत. त्याने ते काढून टाकलं. मग बांधायचा दोराही काढला. उरलं काय, तर गळ, नर फेझंटच्या शेपटीतल्या पिसाचे चार तंतू आणि केसासारखी बारीक, लालसर तांब्याची तार.

गळ छोट्या व्हाइसमध्ये, म्हणजे पकड घट्ट करणाऱ्या शिकंज्यात, धरायचा. आधी नुसती तार गुंडाळायची आणि पुढच्या भागात, म्हणजे छातीच्या जागी, तिचेच वेढे चढवून उंचवटा करायचा. मग गळाच्या वळणापाशी चारही तंतूंची टोकं अशी बांधायची की दोन-तीन मिलिमीटर मागे सुटी राहतील. ही शेपटी. आता उरलेले तंतू तारेसोबत पीळ देऊन, वात वळतो तसे वळून, पुढे गुंडाळत न्यायचे. शेवटी तंतू छातीवरून मागे-पुढे दुमडायचे, प्रत्येक घडीला तारेचा वेढा. निम्फच्या पाठीवर मिटलेल्या पंखांचं जे काळपट गाठोडं असतं, ते झालं तयार. गाठ मारून तार तोडायची. हात बसला की पाच मिनिटांचं काम.

इथे एक तार तीन कामं करते. ती बांधते, तांबं पाण्याच्या जवळजवळ नऊपट घन असल्याने फ्लायला झटकन तळाकडे नेते, आणि तंतूंच्या फटींतून किंचित चमकते. तंतूही कामाचे: त्यांच्या कडांना अतिसूक्ष्म लव असते, त्यामुळे अंगाची कड धूसर दिसते. खऱ्या निम्फच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची नाजूक पानं असतात, तिथेही कड अशीच पुसट.

सॉयरची दुसरी फ्लाय तर याहून साधी: तार आणि वर फिकट तपकिरी लोकर, गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या झिंग्यासारखी. तिचा रंग दुकानात पाहून ठरवला तर फसगत होते. स्वेटरच्या लोकरीचा तुकडा पाण्यात बुडवून बघा. कोरडी असताना धाग्यांमधल्या हवेमुळे उजेड चहूकडे विखुरतो आणि लोकर फिकी दिसते. हवेची जागा पाण्याने घेतली की विखुरणं कमी होतं, रंग गडद होतो आणि धाग्याला थोडा आरपारपणा येतो. माशाला दिसतो तो हा दुसरा रंग. म्हणून फ्लाय बांधणारे जाणते लोक लोकर आधी ओली करून पाहतात.

राहिली हालचाल. वाहत्या पाण्यात उभा असलेला ट्राउट समोरून येणारा प्रत्येक कण तपासत बसत नाही. तेवढा वेळच नसतो. पाचोळा आणि काडीकचरा प्रवाहाबरोबर जातो, निम्फ मात्र मधूनच वर उसळतो. म्हणून फ्लाय माशाच्या जवळ आली की सॉयर काठीचं टोक हळूच उचलायचा. फ्लाय वर निघाली की मासा पुष्कळदा झेप घ्यायचा.

त्याच्याच नेदरॅव्हन गावात राहणाऱ्या ऑलिव्हर काइट या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने हिशेब शेवटाला नेला. त्याने पीसही काढून टाकलं. उघडा गळ, छातीच्या जागी तांब्याच्या तारेचे काही वेढे, बस्स. काठीचं टोक वेळेवर उचललं की ट्राउट त्यालाही तोंड लावायचा.