पानावरची पांढुरकी झाक पुसू नका

रोप घरी नेल्यावर एक-दोन दिवसांत पुष्कळ जण आम्हाला विचारतात, "पानांवर हे पांढरट काय आहे? औषध राहिलंय का?" बहुतेक वेळा ते झाडानं स्वतः तयार केलेलं मेण असतं. बोट फिरवलं की तेवढी जागा गडद हिरवी दिसते. भुरी रोग (पानावर येणारी पांढरी बुरशी) सहसा डागाडागांनी सुरू होतो, मेणाची झाक मात्र पानभर सारखी असते.

पानाच्या अगदी बाहेरच्या आवरणात क्युटिन नावाच्या पदार्थाचं जाळं असतं. मेण या जाळ्यात मुरलेलं असतं आणि त्याच्यावरही साचतं. मेण म्हणजे एकच रसायन नव्हे. लांबलचक कार्बन साखळ्यांचं ते मिश्रण आहे. झाडाची पेशी १६ किंवा १८ कार्बनांचं मेदाम्ल (तेल-चरबीचा घटक असलेलं आम्ल) घेते आणि दर खेपेला दोन कार्बन जोडत जाते. म्हणून मेणातली आम्लं आणि अल्कोहोलं बहुतकरून सम आकड्यांची असतात: २६, २८, ३०. अल्केन (फक्त कार्बन आणि हायड्रोजनची साखळी) बनताना मात्र एक कार्बन गळतो आणि आकडा विषम होतो: २९, ३१, ३३. (मेणबत्तीचं पॅराफिनही मुख्यतः अल्केनांचंच, फक्त ते खनिज तेलातून येतं.) शिवाय एस्टर, अल्डिहाइड आणि काही झाडांत उर्सोलिक आम्लासारखे ट्रायटर्पिनॉइड अशी इतर प्रकारची संयुगंही सापडतात.

निलगिरीच्या कोवळ्या पानांची निळसर झाक हा रंग नाहीच. तिथल्या मेणात बीटा-डायकीटोन नावाची संयुगं असतात, त्यांच्या सूक्ष्म नळ्या पानावर उभ्या राहतात आणि त्यांच्यावर प्रकाश विखुरतो. चकचकीत पानांवरही मेण असतं, पण ते सपाट थरात.

या मेणामुळे पानातलं पाणी उडून जात नाही आणि पावसाचे थेंब घरंगळतात. म्हणून पानं चमकवायला तेल किंवा पॉलिश लावू नका, असं आम्ही आग्रहानं सांगतो. साबणाच्या दाट द्रावणानंही मेण निघतं, आणि जून पानावर ते पूर्वीसारखं भरून येईलच असं नाही. चकचकीत पानावरची धूळ ओल्या मऊ फडक्यानं हलक्या हातानं टिपा. निळसर पानांना फडकं नकोच, साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरे.

औषध फवारताना द्रावण पानावर ठरत नसेल, तर त्याचं कारणही हेच मेण. अशा वेळी औषधाचं प्रमाण वाढवू नका. औषधाच्या लेबलवर परवानगी असेल तर त्यात स्टिकर (द्रावण पानाला चिकटून राहावं म्हणून मिसळायचा पदार्थ) मिसळा, तोही लेबलवर दिलाय तेवढाच.