थिनर, गूळ आणि रंगाऱ्याचे यकृत

दिवाळीच्या तोंडावर घराघरांत रंगकाम निघते आणि त्याबरोबर एक जुना समजही पुन्हा ऐकू येतो. रंगाऱ्याने काम आटोपल्यावर गुळाचा खडा खाल्ला किंवा पेलाभर दूध प्यायले, की रंगाचा वास त्याला बाधत नाही, असे मुकादमापासून घरमालकापर्यंत सगळे सांगतात. गुळाबद्दल एवढे मान्य करायला हवे, की लखनौच्या संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगात, फुप्फुसात साचलेले धुळीचे कण तिथून हलण्यास गुळाची काहीशी मदत झाल्याचे दिसले होते. पण तो प्रयोग धुळीचा होता. थिनरची वाफ ही धूळ नव्हे. ती फुप्फुसात साचून राहत नाही, तर काही सेकंदांत रक्तात उतरते, आणि तिथे तिची गाठ गुळाशी पडण्याचे काहीच कारण नाही.

ऑइलपेंटचे किंवा लाकडाच्या पॉलिशचे काम जवळून पाहिलेल्यांना ठाऊक असेल, की ओल्या रंगावर कचरा बसू नये म्हणून रंगारी पंखा बंद करतो आणि खिडक्याही ओढून घेतो. हवा जिथे सर्वांत जास्त खेळती हवी, नेमकी तिथेच ती कोंडली जाते. दहा फूट बाय बारा फूट आणि दहा फूट उंच अशा खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युइन या थिनरमधील नेहमीच्या द्रावकासाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर भाग), म्हणजे घनमीटरमागे सुमारे ३७५ मिलिग्रॅम, अशी दिली होती. हिशेब केला तर या बंद खोलीत अवघे १५ मिलिलिटर, म्हणजे साधारण तीन चमचे, टोल्युइन उडून गेले तरी ती मर्यादा गाठली जाते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा ये-जा करते हे खरे. पण ब्रश धुण्याचा उघडा डबा, थिनरमध्ये भिजवलेला बोळा आणि भिंतीवरचा ओला थर मिळून दिवसभरात तीन चमच्यांच्या कितीतरी पट द्रावक हवेत सोडतात. शिवाय ही मर्यादा कारखान्यांसाठी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हवा मोजायला कोणी येत नाही. नाकाचाही भरवसा धरता येत नाही, कारण तोच वास सतत येत राहिला की वासाची जाणीव थोड्याच वेळात बोथट होते, आणि रंगारी प्रामाणिकपणे सांगतो की आता वास येत नाही.

तोंडावाटे पोटात गेलेला पदार्थ आतड्यांतून शोषला जातो आणि प्रवेशिका शिरेतून आधी यकृतात पोहोचतो. तिथे त्याची बरीचशी विल्हेवाट लागल्यावर उरलेला भाग शरीरभर जातो. श्वासावाटे आलेल्या वाफेला ही जकात लागत नाही. फुप्फुसातून ती हृदयाच्या डाव्या बाजूला येते आणि तिथून रक्ताबरोबर थेट मेंदूकडेही जाते. टोल्युइन आणि झायलीन हे त्याच्यासारखेच दुसरे द्रावक स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात आणि मेंदूत स्निग्धांश भरपूर असतो, त्यामुळे डोके हलके होणे, चक्कर येणे, बोलणे किंचित जड होणे ही लक्षणे यकृताने कामाला पुरती सुरुवात करण्याआधीच दिसू लागतात.

यकृतात पुढे जे घडते ते मला या साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते. बेंझीन आणि टोल्युइन हे दोन रेणू दिसायला जवळजवळ सारखे असतात. दोघांतही सहा कार्बनचे वलय असते. फरक इतकाच, की टोल्युइनच्या वलयाला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा मिथिल गट जोडलेला असतो. यकृतातील सीवायपी २ई१ नावाचे विकर या दोघांवरही ऑक्सिजनचा अणू चढवू पाहते, कारण ऑक्सिजन जोडल्याशिवाय असा तेलकट रेणू पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यात विरघळल्याशिवाय तो लघवीवाटे बाहेर पडत नाही. पातेल्याला कड असली की सांडशीची पकड बसते, तशी टोल्युइनच्या मिथिल गटावर या विकराची पकड बसते. मग त्या गटापासून बेंझिल अल्कोहोल, त्यापासून बेंझाल्डिहाइड आणि त्यापासून बेंझॉइक आम्ल अशा पायऱ्या होतात. या आम्लाला ग्लायसिन हे साधे अमिनो आम्ल जोडले गेले, की हिप्युरिक आम्ल तयार होते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. श्वासावाटे शोषलेल्या टोल्युइनचा बराच मोठा भाग या वाटेने निघून जातो. वलयाला धक्का लागतो तो फार थोड्या रेणूंच्या बाबतीत.

बेंझीनला मात्र मिथिल गटच नसतो. त्यामुळे विकराचा हल्ला थेट वलयावर होतो आणि बेंझीन ऑक्साइड हा अस्थिर, चटकन अभिक्रिया करणारा रेणू जन्माला येतो. त्यापासून फिनॉल आणि पुढे हायड्रोक्विनोन तयार होते. ही द्रव्ये रक्तातून अस्थिमज्जेत पोहोचली, की तिथल्या पेशींमधील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर त्यांचे क्विनोनांत रूपांतर करते आणि क्विनोन प्रथिनांना व डीएनएला चिकटतात. रक्तपेशी जिथे घडतात त्या जागीच ही तोडफोड चालते, म्हणून बेंझीनचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी येतो. विष बाहेर टाकण्यासाठी निर्माण झालेली यंत्रणाच इथे विष घडवते. स्वस्त, लेबल नसलेल्या थिनरमध्ये टोल्युइनबरोबर थोडे बेंझीनही असू शकते, आणि डब्याकडे पाहून किंवा वास घेऊन ते ओळखता येत नाही. हेक्झेन या आणखी एका द्रावकाची तऱ्हा आणखी निराळी. त्यापासून यकृतात २,५-हेक्झेनडायोन बनते. त्यातील दोन कीटोन गटांमधील अंतर असे नेमके असते, की ते मज्जातंतूंतील प्रथिनांच्या लायसिनशी अभिक्रिया करून वलय बनवतात, त्या वलयांमुळे प्रथिने एकमेकांना जखडली जातात आणि हातापायांना बधिरता येऊ लागते.

दिवसभराच्या वासाने जड झालेले डोके उतरवण्यासाठी संध्याकाळी, कधी दुपारीही, दारू घेणारे रंगारी कमी नाहीत. पण मद्यामुळे या द्रावकांवरचे यकृतातील काम मंदावते. फिनलंडमध्ये १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मद्य घेऊन झायलीनच्या वाफेत बसलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तात झायलीनचे प्रमाण नेहमीच्या दीड ते दोन पट आढळले. उलट वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या यकृतात सीवायपी २ई१ वाढलेले असते आणि बेंझीनच्या बाबतीत तेही घातकच, कारण तिथे वेग वाढला तर क्विनोनही वाढतात.

लघवीतील हिप्युरिक आम्ल मोजून शरीरात गेलेल्या टोल्युइनचा अंदाज बांधण्याची पद्धत बरीच वर्षे प्रचलित होती. अडचण अशी, की फळे, चहा आणि सोडियम बेंझोएट घातलेली शीतपेये यांमुळेही हे आम्ल वाढते. त्यामुळे आता वलयावरच्या त्या किरकोळ हल्ल्यातून तयार होणाऱ्या ऑर्थो-क्रेसॉलवर अधिक भर दिला जातो.

दीर्घकालीन परिणामांची चर्चा १९७० च्या दशकात स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या देशांत सुरू झाली. वर्षानुवर्षे द्रावकांत काम केलेल्या रंगाऱ्यांमध्ये विस्मरण, चिडचिड आणि एकाग्रतेचा अभाव दिसू लागला होता. नेदरलँड्सने २००० सालापासून व्यावसायिक रंगाऱ्यांना घरातील कामासाठी कमी द्रावकाचे रंग वापरण्याचे बंधन घातले. कर्करोगाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये रंगाऱ्याचा व्यवसायच पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्यांत, घातला, आणि नंतरच्या फेरआढाव्यांत फुप्फुस, मूत्राशय आणि फुप्फुसाचे आवरण यांच्या कर्करोगांशी त्याचा संबंध पुरेशा पुराव्याने सिद्ध झाल्याचे म्हटले. दोषी ठरवले गेले ते कोणते एक रसायन नव्हे, तर सगळे मिश्रण अंगावर घेणारे काम.

द्रावके काही तासांत किंवा दिवसांत निघून जातात, शिशाचे तसे नाही. घरगुती व सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमहून अधिक शिसे नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्याआधीचे पिवळे आणि लाल ऑइलपेंट जुन्या दारांवर आणि ग्रिलवर अजून शाबूत आहेत, आणि नवा हात मारण्यापूर्वी रंगारी ते पॉलिश पेपरने कोरडेच घासतो. शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन हाडांत शिरते. रक्तातील शिसे निम्मे व्हायला साधारण महिना लागतो, हाडांतील शिशाला दशके लागतात. दुधाच्या समजुतीत खरा अंश असलाच तर तो इथे आहे, कारण आहारात कॅल्शियम व लोह कमी असले, किंवा पोट रिकामे असले, की आतड्यांतून शिसे जास्त शोषले जाते. पण श्वासातून आलेले शिसे दुधाने अडत नाही. पृष्ठभाग ओला करून घासला तर धूळ मुळात फारशी उडतच नाही.

पाण्यातील रंगांनी द्रावकांचा प्रश्न खूपच हलका केला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. तरीही डब्यावरची ‘गंधहीन’ आणि ‘झिरो’ ही बिरुदे जाहिरातखात्याची आहेत. हे रंग डब्यात कुजू नयेत म्हणून त्यांत घातलेली आयसोथायझोलिनोन वर्गातील द्रव्ये त्वचेची ॲलर्जी निर्माण करू शकतात. लाकडावरच्या दोन डब्यांच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमधील हार्डनरमध्ये, म्हणजे थर कडक करणाऱ्या द्रव्यात, आयसोसायनेटे नावाची रसायने असतात. त्यांच्याबद्दलची संवेदनशीलता शरीरात एकदा निर्माण झाली, की पुढे अत्यल्प मात्राही दम्याचा झटका आणू शकते.

नाकाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क वाफेपुढे निरुपयोगी ठरतो, कारण त्याच्या धाग्यांत कण अडकतात, पण एका नॅनोमीटरहून लहान असलेले सुटे रेणू हवेबरोबर सरळ आत जातात. त्यासाठी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज लागते. एक ग्रॅम कोळशात सुमारे १००० चौरस मीटर अंतर्गत पृष्ठभाग असतो आणि सेंद्रिय वाफेचे रेणू त्यावर चिकटून राहतात. आयसोसायनेटांची फवारणी असेल तर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्कच हवा, कारण कार्ट्रिज संपल्याची सूचना देणारा वास त्यांना नसतो. आणि कोळसा रात्रीही काम थांबवत नाही : मास्क थिनरच्या डब्याशेजारी उघडा टांगून ठेवला, तर सकाळी रंगारी येईपर्यंत त्याचे कार्ट्रिज बरेचसे भरलेले असते, म्हणून काम संपताच ते घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे लागते.