जुनी जीप घ्यायची तर आधी आरसी, मग पाना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीच्या वाटांसाठी जुनी फोर-बाय-फोर जीप शोधणारे बहुतेक जण महाराष्ट्रात चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे वळतात. गाडी पसंत पडली की लगेच विसार देऊ नका.

सुट्या भागांतून जीप बांधून देतो म्हणणारे भेटतील. अशी गाडी नावावर होत नाही. नव्या नोंदणीला फॉर्म 20 बरोबर विक्रीचा फॉर्म 21 आणि कंपनीचा फॉर्म 22 लागतो, तो गॅरेजवाला कुठून देणार? मोडीत गेलेल्या गाडीचा नंबर दुसऱ्या चेसिसवर ठोकणं तर सरळ गुन्हा आहे. तेव्हा जिवंत आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, असलेली गाडी घ्या आणि तीच दुरुस्त करा.

चेसिस नंबर स्वतः पाहा. गंज आणि ग्रीस पुसा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेला एकेक अंक आरसीशी ताडून बघा. नंबराभोवती ताजं वेल्डिंग किंवा घासल्याची खूण दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. इंजिन नंबर आणि इंधनही जुळलं पाहिजे. पेट्रोलच्या जागी परवानगीशिवाय डिझेल इंजिन बसवलेल्या जीप बऱ्याच फिरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते, पुढे फॉर्म 25 भरून पाच-पाच वर्षांनी वाढते. ती संपली असेल तर विकणाऱ्याकडूनच आधी वाढवून घ्या. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हवं.

मग मूळ आरटीओकडून फॉर्म 28 मधली एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. ती कुठल्या आरटीओच्या नावे हवी हे आधी ठरवा: बेळगाव केए-22, चिक्कोडी केए-23, बैलहोंगल केए-24, गोकाक केए-49. निपाणीकरांनी चिक्कोडी लिहायचं.

गाडी कर्नाटकात आणल्यावर नव्या नंबरासाठी फॉर्म 27, नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. सोबत मूळ आरसी, एनओसी, चालू विमा, पीयूसी, कर्नाटकातल्या पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा ते नसेल तर फॉर्म 60. गाडी तपासणीला न्यावी लागते. कर्नाटकचा आजीवन कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो, तेव्हा किंमत ठरवतानाच तो आकडा विचारून घ्या. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा तिथेच वेगळा अर्ज करून मागायचा.

लष्कराच्या लिलावातली जीप असेल तर फॉर्म 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लष्करी अधिकाऱ्यांकडूनच आलेलं हवं. फक्त दलालाची पावती चालत नाही.

पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण ती रोज रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून शेतावर जायला जीप हवी असेल तर या वाटेला जाऊ नका.