आर्जिनीन कुणाच्या हाती लागतं?

जखमेत जंतू शिरले की ती जागा लाल होते, गरम होते, ठणकते. हा दाह. त्यासाठी लागणारा बराचसा दारूगोळा अमिनो आम्लांपासून तयार होतो. शाळेत मात्र 'प्रथिनांच्या विटा' एवढीच त्यांची ओळख होते.

आर्जिनीन या अमिनो आम्लाचंच बघा. उंदराच्या शरीरात जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीला जिवाणूची चाहूल लागली, की ती एक खास विकर (एन्झाइम) बनवू लागते. हे विकर आर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतं. गिळलेल्या जंतूच्या लोहयुक्त विकरांवर आणि डीएनएवर हा वायू घाला घालतो. (माणसाच्या मॅक्रोफेज पेशी प्रयोगशाळेत एवढा वायू सोडत नाहीत, त्यामुळे उंदरावरचे निष्कर्ष जपूनच वापरावे लागतात.) पण आर्जिनीनवर डोळा ठेवून आर्जिनेज नावाचं आणखी एक विकर असतं. ते त्याच आर्जिनीनचं युरिया आणि ऑर्निथीन करतं. ऑर्निथीनपासून पुढे प्रोलीन बनतं, त्यातून कोलॅजन, म्हणजे जखम भरून काढायचा माल. दाह भडकणार की निवणार, हे बरंचसं या ओढाताणीत ठरतं.

जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू तर महाबिलंदर. त्याच्याकडे स्वतःचं आर्जिनेज आहे. यजमानाचं आर्जिनीन तो आधीच फस्त करतो, त्यामुळे विषारी वायू कमी बनतो. वर हाती आलेल्या युरियाचा अमोनिया करून जठरातलं आम्लही थोपवतो.

ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या बाबतीत शरीर उलटा डाव टाकतं: इंटरफेरॉन गॅमा या संदेशवाहक प्रथिनाचा इशारा मिळताच पेशी ते नष्ट करू लागतात. त्यामुळे पेशीत राहणारा क्लॅमिडिया हा जंतू उपाशी पडतो. क्षयाचा जंतू मात्र ट्रिप्टोफॅन स्वतःच बनवतो, त्याला फरक पडत नाही. या मोडतोडीतून निघणारं कायन्युरेनीन हे रसायन टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींना, आवर घालतं.

मोठ्या संसर्गात स्नायू झिजतात. सुटलेली अमिनो आम्लं यकृताकडे जातात आणि तिथे दाहाच्या काळातली प्रथिनं बनतात. त्यातलंच एक हॅप्टोग्लोबिन; निरोगी गायीच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच. कासदाह झाला की ते झपाट्याने वाढतं.

कोंबडीची अडचण वेगळी. पक्ष्यांमध्ये युरियाचक्र (अमोनियाचा युरिया करणारी साखळी, जिच्यात आर्जिनीनही बनतं) नसतं, म्हणून आर्जिनीन त्यांना खाद्यातूनच मिळवावं लागतं, आणि आजारी पक्षी सर्वांत आधी खाणंच सोडतो. मग आर्जिनीन वरून भरपूर द्यावं का? इतकं सोपं नाही. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल करतो, आणि संसर्ग रक्तात पसरलेला असताना तो बेसुमार बनला तर रक्तदाबच कोसळतो.